एसओएम नव्याने बांधताना : प्रकल्प नोंदी

विषय: स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (एसओएम), म्हणजे भाराखाली वस्तू किती वाकते, कधी तुटते याचा अभ्यास; इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. आठवड्याला तीन लेक्चर आणि दोन तासांचं एक प्रॅक्टिकल, चौदा आठवडे. काम: अभ्यासक्रम नव्याने मांडायचा आणि पहिल्या सेमिस्टरला तो मीच शिकवून पाहायचा. ही माझी वही आहे, मिटिंगचं इतिवृत्त नाही.

५ मे

विभागप्रमुखांनी फाइल हातात ठेवली. जुना अभ्यासक्रम दोन पानं, त्याला जोडलेले तक्ते एकतीस पानं. सहा युनिट, प्रत्येकी सात लेक्चर, एकूण ४२. बेंडिंगला (वाकणं) सात, कॉलमलाही (उभे खांब) सात. भावाभावांत जमिनीची वाटणी व्हावी तशी तासांची वाटणी. कुणी रुसायला नको.

मागच्या फेरीत मीही होतो, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. कोर्स आउटकम (कोर्सअखेर विद्यार्थ्याला काय यायला हवं) लिहायचे म्हणून ब्लूमच्या शिकण्याच्या पायऱ्यांची श्रेणी, म्हणजे क्रियापदांची यादी, समोर घेऊन बसलो होतो. ती श्रेणी १९५६ सालची, २००१ मध्ये सुधारलेली. त्या सुधारणेत नामांची क्रियापदं झाली आणि ‘निर्मिती’ सगळ्यांत वरच्या पायरीवर गेली. आम्ही काय केलं, तर ‘विद्यार्थ्याला माहिती होईल’ खोडून ‘विद्यार्थी विश्लेषण करेल’ असं लिहिलं. खालची युनिटं, लेक्चरं, जर्नल, सगळं जागच्या जागी. दुकान तेच, पाटी नवी.

या वेळी तक्ते शेवटी भरायचे. आधी काय ते ठरत नाही, पण शेवटी काय ते ठरलं.

८ मे

कपाटातून जुने पेपर काढले. दहा मिळाले. दोन दिवस बसून प्रत्येक प्रश्न एका चिठ्ठीवर उतरवला आणि टेबलावर गठ्ठे लावले.

दहाही पेपरांत एसएफडी-बीएमडीचा (बीमच्या, म्हणजे तुळईच्या, लांबीभर शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट कसे बदलतात त्या आकृत्या) प्रश्न आहे, सहा वेळा तर दोन्ही बाजूंना ओव्हरहँग (आधाराबाहेर गेलेला भाग) असलेली तीच बीम, फक्त आकडे बदललेले. टॉर्शनमध्ये (पिळणं) ‘शाफ्टचा व्यास काढा’ नऊ वेळा. कॉलममध्ये ऑयलरचं सूत्र सिद्ध करा. ‘का’ हा शब्द दहा पेपरांत मिळून दोनदा, आणि त्यातला एक प्रश्न मीच काढलेला होता, तो पर्यायी होता, कुणी सोडवला नव्हता.

एक गोष्ट इतकी वर्षं दिसत होती, पण गठ्ठे लावल्यावर अंगावर आली. मुलं अभ्यासक्रम वाचत नाहीत, पेपर वाचतात. आणि त्यांचं बरोबरच आहे. आपल्याला खरोखर काय हवं आहे हे आपण पेपरात सांगतो, बाकी ठिकाणी आपण फक्त बोलतो. त्या दोन पानांच्या कागदावर मी काहीही लिहिलं तरी पेपर बदलला नाही तर विषय बदलणार नाही.

१३ मे

तिसऱ्या वर्षाची वीस मुलं प्रोजेक्टसाठी थांबली आहेत. सगळी एसओएम पास झालेली, काही जण ऐंशीच्या वर. त्यांना एकच प्रश्न विचारला, आकडेमोड नको म्हटलं. एक फळी, २०० मिलीमीटर रुंद, ५० जाड. दोन टोकांना आधार, मधोमध वजन. आडवी ठेवली आणि कडेवर उभी ठेवली, फरक किती पट?

अकरा जणांनी ‘चार पट’ लिहिलं. तिघांनी ‘सोळा’. बाकीच्यांनी सूत्र लिहून कागद परत दिला.

गंमत अशी की दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. वाकण्याबद्दल बोलत असू तर सोळा, कारण तिथे खोलीचा (उभ्या मापाचा) घन येतो. ताणाबद्दल बोलत असू तर चार, कारण तिथे वर्ग येतो. प्रश्न मी मुद्दाम अर्धवट ठेवला होता. एकच मुलगी उठून टेबलापाशी आली आणि म्हणाली, “सर, फरक कशात विचारताय? डिफ्लेक्शन की स्ट्रेस?” तिला मागच्या परीक्षेत त्रेपन्न मार्क होते. मी मुद्दाम बघितले.

हार्वर्डमध्ये एरिक मेझर यांनी १९९० च्या सुमारास आपल्या फिजिक्सच्या वर्गाला बलाच्या कल्पनांवरचे साधे प्रश्न दिले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं होतं की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं द्यायचं, की मला वाटतं तसं? हा किस्सा मी सेमिनारमध्ये दोनदा सांगून हशा मिळवला आहे. आज माझ्याच टेबलावर वीस कागद पडले होते आणि हसू येत नव्हतं.

२० मे

वाचन. थोडक्यात नोंदवतो. राल्फ टायलर यांनी १९४९ मध्येच क्रम सांगून ठेवला आहे: हेतू कोणता, त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, ते कसे रचायचे, आणि हेतू साधला की नाही हे कसं तपासायचं. जॉन बिग्स यांनी १९९६ मध्ये त्याला जोर दिला तो असा की हेतू, वर्गातलं काम आणि परीक्षा ही तिन्ही एका रेषेत हवीत. आपण तिन्ही वेगवेगळ्या माणसांकडून, वेगवेगळ्या महिन्यांत करून घेतो.

म्हणजे पहिला कागद पेपरचाच लिहायचा. अभ्यासक्रम नंतर.

२७ मे

पेपर लिहायला घेतला. तीन तासांचं काम समजलो होतो, आज पाचवा दिवस.

जुन्या सवयीने हात आपोआप ‘पुढील बीमसाठी’ लिहितो. मग खोडायचं. सुचलेल्यापैकी टिकलेले दोन इथे ठेवतो.

एक: एका टोकाला पक्क्या बसवलेल्या बीमच्या दुसऱ्या टोकावर भार आहे. एका विद्यार्थ्याने डिफ्लेक्शनसाठी PL²/3EI हे सूत्र (P भार, L लांबी, E धातूचा ताठपणा, I छेदाच्या आकारातून येणारा ताठपणा) लिहिलं आहे. पुस्तक न उघडता ते चूक आहे हे दाखवा, आणि सूत्रात काय असायला हवं याचा तर्क लिहा. (एककं मांडली की उत्तरात लांबीच उरत नाही. पाठांतर केलेला ‘घन हवा’ म्हणेल, पण का ते सांगू शकणार नाही.)

दोन: एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण दिलं आहे, त्यात एका ठिकाणी चूक आहे. चूक शोधा आणि ती राहून गेली असती तर वस्तू गरजेपेक्षा जाड झाली असती की पातळ, ते सांगा. हा दुसरा भाग मला फार आवडला आहे. इंजिनिअरला चूक कोणत्या बाजूला झाली हे कळलं पाहिजे.

एसएफडी-बीएमडी ठेवलं आहे. पण उलटं: बीएमडी देऊन बीमवर काय भार असेल ते विचारलं आहे. मी स्वतः सोडवायला घेतला तर पहिल्यांदा चुकलो. हे कुणाला सांगितलेलं नाही.

३ जून

कापाकापी. नव्या पेपरातलं मुलांना जमायचं तर वर्गात वेळ लागणार, आणि वेळ म्हणजे काहीतरी बाहेर जाणार. ४२ तासांचे ४४ होत नाहीत.

सोपं होतं ते आधी गेलं: स्ट्रेन एनर्जीमधली चार उदाहरणं, कॉलमची दोन सूत्रं, थिन सिलिंडरचे (पातळ भिंतीच्या, दाबाखालच्या नळ्या) तीन तास. मग मोहर्स सर्कलपाशी गाडी अडली.

मोहर्स सर्कल (एका बिंदूवरचे ताण वाचायची वर्तुळाची आकृती) हे माझं सगळ्यांत चांगलं लेक्चर आहे. ऑटो मोहर यांनी १८८२ मध्ये मांडलेली ही रचना फळ्यावर उलगडताना दोन रंगांचे खडू, एक दोरी, शेवटच्या पाच मिनिटांत सगळे बिंदू जागेवर. दरवर्षी मागच्या बाकावरून टाळ्या येतात. पण त्या वीस जणांना नंतर सहज विचारलं, वर्तुळावरचा एक बिंदू म्हणजे प्रत्यक्ष तुकड्यात काय? कुणालाही सांगता आलं नाही. टाळ्या वाजवणारी हीच बॅच होती.

तर प्रश्न असा: मी जे टिकवायला धडपडतोय ते मुलांच्या गरजेचं म्हणून की मला ते छान जमतं म्हणून? उत्तर माहीत आहे. तरी आज कापलं नाही. चार तासांचे तीन केले आणि पेन खाली ठेवलं.

११ जून

अभ्यास मंडळाची बैठक. साडेतीन तास.

ज्येष्ठ प्राध्यापकांचा आक्षेप असा की तुम्ही विषय पातळ करताय. आमच्या वेळी आम्ही याच्या दीडपट केलं. उद्योगातून आलेल्या सदस्यांचं म्हणणं बरोबर उलट: हे हाताने सोडवत बसण्यापेक्षा सॉफ्टवेअर शिकवा, आमच्याकडे कुणी बीएमडी काढत नाही. दोघे एकमेकांकडे बघून बोलत होते आणि मी मधे, नेटच्या खांबासारखा.

हा वाद आमच्या खोलीत जन्मलेला नाही. पॅरिसची एकोल पॉलिटेक्निक १७९४ मध्ये निघाली ती गणित आधी, यंत्र नंतर या भूमिकेवर. दुसरीकडे वर्कशॉपमध्ये हात काळे करून शिकण्याची परंपरा होतीच. अमेरिकेत १९५५ च्या ग्रिंटर अहवालाने अभियांत्रिकीला विज्ञानाकडे ढकललं, आणि पुढच्या पिढ्यांनी ‘मुलांना काही बनवता येत नाही’ म्हणून तक्रार केली. लंबक आहे, दोन्हीकडे जातो. मी हे बैठकीत बोललो नाही. बोललो असतो तर चार तास झाले असते.

बोललो ते एवढंच: सॉफ्टवेअर चुकीचं उत्तर दोन सेकंदांत आणि रंगीत देतं. उत्तर पंधरा मिलीमीटरच्या आसपास यायला हवं की दीड, हा अंदाज ज्याला नाही त्याच्या हातात ते द्यायचं का? उद्योगातल्या सदस्यांनी मान हलवली आणि त्यांच्याकडचा, दशांशचिन्ह सरकल्याचा एक किस्सा सांगितला. किस्सा माझ्या सगळ्या स्लाइडपेक्षा कामी आला.

लेक्चर कमी करून वर्गात सोडवून घेण्याबद्दल शंका आली, तेव्हा २०१४ चा आढावा पुढे केला. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र पाहिले तर नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होणारे सरासरी ३४ टक्क्यांच्या घरात, आणि मुलांना काही करायला लावणाऱ्या वर्गात २२ टक्क्यांच्या. ज्येष्ठ सर म्हणाले, “निकाल सुधारणार असेल तर करा.” हेतू वेगळा, सही तीच. मंजूर.

१७ जुलै

सेमिस्टरचा दुसरा आठवडा. तारीख बघून आजचा तास ठरवला होता.

१९८१ साली आजच्याच दिवशी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हयात रीजन्सी हॉटेलच्या आतले दोन लटकते पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून निघालेला एकच लांब रॉड चौथ्या मजल्याच्या पुलातून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्याचा पूल धरत होता. बांधताना सोय म्हणून एकाचे दोन रॉड केले: पहिला छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरा चौथ्या मजल्याच्या बीमपासून खाली. फळ्यावर दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी काढल्या आणि विचारलं, कशावरचा भार वाढला?

“रॉडवरचा, सर. दुप्पट.” जवळजवळ सगळा वर्ग.

मग दोघांना पुढे बोलावलं. दोरीला दोघे लटकलेत अशी कल्पना करा. पहिल्या वेळी दोघांनीही दोरीच धरली आहे. दुसऱ्या वेळी खालच्याने वरच्याचे पाय धरलेत. छताशी दोरीवर किती भार? मागून आवाज आला, “तेवढाच की!” मग वाढलं कुठे? थोडी शांतता. मग वरच्याची भूमिका करणारा मुलगा स्वतःच्या मुठींकडे बघून म्हणाला, “माझ्या हातांवर.”

तेच ते. वरच्या रॉडमधला ताण बदललाच नाही. चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटला एका पुलाऐवजी दोन पुलांचा भार आला. त्यांना एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, वस्तू सुटी काढून तिच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती) काढायला सांगितली, आणि या विषयात पहिल्यांदा मुलांनी एफबीडी मार्कांसाठी न काढता काही शोधण्यासाठी काढलेली पाहिली. तास संपल्यावर तिघे फळ्यापाशी वाद घालत उभे होते. मूळ आराखडाही नियमातल्या किमान क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच भार पेलणारा होता, हे त्यांना पुढच्या तासाला सांगणार आहे.

३१ जुलै

प्रॅक्टिकल क्रमांक दोन: स्टीलची पट्टी. जुन्या जर्नलमध्ये या जागी बीमचं एक यंत्र होतं, त्याची रीडिंग मुलं मागच्या बॅचकडून उतरवतात. अक्षरं बदलतात, रीडिंग पिढीजात.

नवा प्रयोग साधा आहे. तीस सेंटिमीटरची स्टीलची पट्टी टेबलाला क्लॅम्पने आवळायची, २५० मिलीमीटर बाहेर. टोकाला १०० ग्रॅमचं वजन. आधी गणित करून किती वाकेल ते फळ्यावर लिहायचं, मगच वजन लावायचं. फळ्यावर लिहिण्याची अट लॅबच्या मामांनी सुचवली. म्हणाले, “सर, आधी लिहून घ्या, नाहीतर रीडिंग बघून गणित करतील.” वीस वर्षं लॅब सांभाळलेल्या माणसाला मुलं आपल्यापेक्षा जास्त कळतात.

रुंदी २५, जाडी १, स्टीलचा ई २०० गीगापास्कल. सगळ्या गटांनी १२.३ मिलीमीटर लिहिलं. वजन लावलं. पट्टी १७ च्या जरा अलीकडे थांबली.

एका गटाचं तर वीसच्या जवळ गेलं. ते मामांनीच सोडवलं: “वजन लावायच्या आधी कुठे होती ते बघितलं का?” पट्टी स्वतःच्या वजनानेही खाली येते, जवळपास तीन मिलीमीटर. त्यांनी टेबलाच्या पातळीपासून मोजलं होतं.

उरलेल्या १७ चं काय? मुलांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली, ‘प्रॅक्टिकल एरर’. हा शब्द मी आजपासून लॅबमध्ये बंद केला. चूक असेल तर ती कुठल्या अक्षरात आहे ते सांगा: P, L, E, I. वजन काट्यावर ठेवून पाहिलं, ठीक. लांबी पुन्हा मोजली, ठीक. ई बदलतो का? एकाने २१० धरून पाहिला, तर गणित आणखी खाली, ११.७ वर गेलं. उरला I, तो रुंदी आणि जाडीच्या घनातून येतो. रुंदी मोजली. जाडी? जाडी कुणीच मोजली नव्हती. “सर, स्टीलपट्टी एक मिलीमीटरचीच असते.” कुणी सांगितलं?

मायक्रोमीटर लॅबमध्ये एकच चालू आहे. तो आणला, फिरवला: ०.९०. जाडीचा घन, ०.७२९. बाराला त्याने भागलं आणि फळ्यावर आलं १६.८.

एका गटातून “आयला” असा आवाज आला आणि लगेच “सॉरी सर”. मी ऐकलं नाही असं दाखवलं. एक दशांश मिलीमीटरने सदतीस टक्के खाल्ले होते. वर्गात ‘खोलीचा घन’ मी चौदा वर्षं म्हणतोय.

१४ ऑगस्ट

वर्ग प्रतिनिधी आले. फार अदबीने, पण मुद्दा स्पष्ट: “सर, तुम्ही शिकवत नाही, आम्हालाच करायला लावता. बाकीच्या डिव्हिजनच्या नोट्स पूर्ण होत आल्यात.” विभागप्रमुखांकडेही हे आधीच पोहोचलेलं होतं.

राग आला, खोटं कशाला बोलू. लेक्चरपेक्षा या तासांची तयारी मला दुप्पट पडते. नंतर हार्वर्डमधलाच, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवला: तोच मजकूर, एका गटाला सफाईदार लेक्चर, दुसऱ्याला झगडत सोडवायला दिलेला. दुसऱ्या गटाला चाचणीत जास्त आलं, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. गुळगुळीत ऐकलं की समजल्यासारखं वाटतं. माझ्या मोहर्स सर्कलच्या टाळ्या आठवल्या.

उद्याच्या सुट्टीनंतरच्या तासाला पहिली दहा मिनिटं हेच वर्गापुढे मांडणार आहे. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. योजनेत नोंद: पुढच्या वर्षी पहिला तास.

त्यांचं एक म्हणणं मात्र खरं होतं, लिहिलेलं काहीच हातात राहत नाही. आता दर शुक्रवारी एक पान देतोय.

२९ ऑगस्ट

आज सपशेल आपटलो.

मिनी प्रोजेक्ट: कोणतीही वापरातली वस्तू घ्या, तिच्यातला सगळ्यांत धोक्याचा भाग शोधा, हिशेब करा. मोकळं मैदान. मला वाटलं होतं मुलं उड्या मारतील. दोन आठवड्यांनंतर सतरा गटांपैकी बारा गटांकडे वस्तूचं नाव आणि गूगलवरून घेतलेलं चित्र. एकाने सायकलचा पेडल क्रँक (पेडलचा दांडा) घेतला होता, त्यात बेंडिंग आणि टॉर्शन एकत्र येतात. तो तीन दिवस भार कुठे लावायचा याच्यावरच अडकला होता. आळशी मुलगा नाही. त्याच्या वहीत सहा खोडलेल्या एफबीडी होत्या.

दोष माझा. पोहता न येणाऱ्याला समुद्र दाखवून ‘मोकळं मैदान आहे’ म्हटलं. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर दाखवलं होतं की नवख्याला सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासू दिली तर तो, नुसती गणितं सोडवत बसलेल्यापेक्षा लवकर शिकतो. नवख्याची सगळी शक्ती पुढची पायरी शोधण्यातच खर्च होते. मी लेक्चरच्या विरोधात इतका वाहवत गेलो की उदाहरण सोडवून दाखवणंही बंद केलं होतं. लंबक माझ्याही खोलीत आहे म्हणायचा.

दुरुस्ती: क्रँक मी स्वतः फळ्यावर सोडवला, अडखळत, कोणती गृहीतं धरली ते मोठ्याने बोलत. मग तसाच एक दरवाज्याचा हँडल, अर्धा सोडवलेला, उरलेला त्यांनी. वस्तूंची यादी आता मी देतोय, आठच. मुदत तीन आठवडे पुढे.

२० सप्टेंबर

मिड-सेमचे पेपर तपासून झाले. सरासरी दुसऱ्या डिव्हिजनपेक्षा किंचित खाली. पेपर वेगळे, त्यामुळे तुलना निरर्थक, पण स्टाफरूममध्ये ती झालीच. ‘चूक शोधा’ मध्ये अर्ध्याहून जास्त मुलांना चूक सापडली, ‘जाड की पातळ’ मध्ये मात्र निम्मे नाणं उडवत होते. हे पुन्हा घ्यायचं.

९ ऑक्टोबर

मोहर्स सर्कल. तीन तासांतला पहिला.

या वेळी खडू आणि दोरी नेली नाही. प्रत्येकाला एक खडूचा तुकडा दिला आणि पिळून मोडायला सांगितला. तुटलेली टोकं बघा. कडेने फिरत गेलेला, साधारण ४५ अंशांचा कापा. आपण तर सरळ पिळलं, मग तो तिरका का तुटला? खडू ठिसूळ, ओढ सोसत नाही. पिळताना सगळ्यांत जास्त ओढ त्या तिरक्या पातळीवर येते. मग विचारलं, ती पातळी कोणती हे आधी कसं सांगणार? वर्तुळ तिथून पुढे आलं, त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून. वर्तुळावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे तुकडा एका विशिष्ट कोनात कापला तर त्या पातळीवर काय दिसेल ते.

टाळ्या आल्या नाहीत. जमिनीवर खडूचा चुरा, मामांची नाराजी. एकाने विचारलं, “सर, मग स्टीलचा रॉड पिळला तर आडवा का तुटतो?” माझ्या टाळ्यांच्या चौदा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. (तो सरकण्यात कमकुवत, म्हणून जास्तीत जास्त शिअर जिथे तिथे तुटतो. पण मी लगेच सांगितलं नाही, शुक्रवारच्या पानावर टाकला.)

जुनं लेक्चर चांगलं होतं. थोडं वाईट वाटतंय.

२६ नोव्हेंबर

सेमिस्टरचा पेपर झाला. मॉडरेशनमध्ये (परीक्षेआधीची पेपरची तपासणी) ‘उलटा बीएमडी’ एकदा परत आला होता, शेरा: ‘प्रश्न अपूर्ण’. उत्तर जोडून पाठवला, मग मंजूर.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ठरलेले प्रश्न विचारले: हूकचा नियम सांगा, पॉयसन्स रेशो म्हणजे काय. मुलांनी सांगितलं. व्याख्येत दोन ठिकाणी अडखळली, तीही नोंद हवी. व्याख्या पाठ करून घेणं मी अगदीच सोडलं होतं आणि ते बरोबर नव्हतं. शब्द अचूक असल्याशिवाय विचार अचूक होत नाही, निदान या विषयात.

तक्ते आज भरायला घेतले. गंमत म्हणजे पटकन भरले गेले. कुठला प्रश्न कुठल्या आउटकमसाठी, हे आता खरंच माहीत होतं.

१० डिसेंबर

मशीन डिझाइन शिकवणाऱ्या मॅडम केबिनमध्ये आल्या. हातात माझा नवा अभ्यासक्रम, थिन सिलिंडरच्या रिकाम्या जागेवर लाल गोल.

“हे कुणाला विचारून काढलंत? माझं प्रेशर व्हेसल, दाबाखालच्या टाक्या, तिथून सुरू होतं.”

कुणालाच विचारून नाही. आधीच्या सेमिस्टरवाल्यांशी बोललो होतो, पुढच्यांशी नाही. मुलांना काय येत नाही ते शोधायला तिसऱ्या वर्षाला गाठलं आणि त्याच तिसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्यांना विचारायचं सुचलं नाही.

तासभर बसलो. मॅडमना तीन तास नको होते, त्यांना एकच गोष्ट हवी होती: गोलाकार दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या दुप्पट असतो आणि म्हणून पाइप फुटतो तेव्हा लांबीत चिरतो, हे मुलांना कुठून येतं ते माहीत असावं. पाइप एकदा उभा कापायचा, एकदा आडवा, दोन एफबीडी. पीडी बाय टूटी आणि पीडी बाय फोरटी (p दाब, d व्यास, t भिंतीची जाडी) ही दोन्ही सूत्रं वीस मिनिटांत पडतात. हयातच्या तासाला जोडून घेता येईल, तिथे मुलांची एफबीडी गरम असते. मॅडमनी त्यांच्या पहिल्या चाचणीतला प्रश्न मला दिला, मी तो माझ्या पेपराच्या गठ्ठ्यात ठेवला.

पुढच्या फेरीसाठी: थिन सिलिंडर परत, वीस मिनिटं. ‘जाड की पातळ’ दर प्रॅक्टिकलला. मिनी प्रोजेक्ट आठव्या आठवड्यानंतर. मोहर्स सर्कल तीनच तास. सहा मायक्रोमीटरची मागणी पुन्हा टाकायची. मागची ‘व्हर्नियर उपलब्ध आहेत’ असा शेरा मारून परत आली होती. या वेळी सोबत स्टीलपट्टीचं गणित जोडायचं.